प्रसूती रजा दुप्पट केली तर बायकांना कामावर कोण ठेवणार?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमच्याकडे स्त्री-पुरुष समानता धोरणाचा मसुदा आला आहे आणि त्यावर हरकती-सूचना मागवल्या आहेत. मसुद्यात तीन मोठ्या गोष्टी आहेत: प्रसूती रजा दुप्पट करायची, समान कामाला समान वेतनाचं कलम घालायचं आणि कंपन्यांच्या संचालक मंडळांवर स्त्रियांसाठी जागा राखून ठेवायच्या. तुम्हाला हे सगळं पटतं. पण तुमचे सहकारी म्हणतात, "एवढ्या सवलती दिल्या तर उद्या बायकांना कामावर ठेवणार कोण?" आणि यावर काय बोलावं ते तुम्हाला सुचलं नाही.

सहकाऱ्यांचं म्हणणं झटकून टाकू नका. त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे, पण त्यांनी बोट ठेवलं आहे ते बरोबर जागी. गेली वीसेक वर्षं माझं काम हेच आहे. समानतेसाठी एखादा कायदा किंवा योजना आली, की दोन-तीन वर्षांनी जाऊन पाहायचं, पगारपत्रकात, भरतीच्या फायलींत आणि घरांत काय बदललं. या कामात एक गोष्ट मी सर्वांत जास्त वेळा पाहिली. कायदा स्त्रीला हक्क देतो आणि त्या हक्काचं बिल तिला नोकरी देणाऱ्या एकट्या मालकाच्या नावावर फाडतो. मग मालक ते बिल टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग धरतो: तिला घेतच नाही.

म्हणून कुठल्याही मसुद्यातल्या कुठल्याही कलमाला मी एकच प्रश्न विचारते. मूल सांभाळणं, म्हाताऱ्यांची सेवा, आजारपणं, स्वयंपाक, धुणंभांडी, या कामाचा भार आज जिच्या अंगावर आहे तिच्याकडून तो कोणाकडे सरकतो, आणि त्याचे पैसे कोण देतं? या प्रश्नाचं उत्तर कलमात सापडत नसेल तर ते कितीही चांगल्या भाषेत लिहिलेलं असो, माझा त्याच्यावर फारसा भरवसा नसतो.

अर्थात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्याकडे कमावत्या स्त्रियांपैकी किती जणी पगारी नोकरीत आहेत? सामाजिक विम्याचा, म्हणजे सगळ्यांच्या वर्गणीतून चालणारा, निधी आधीपासून आहे की तो शून्यातून उभा करावा लागेल? घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पाळणाघर आहे का? ही उत्तरं मला माहीत नाहीत, त्यामुळे कशाला किती वजन द्यायचं ते तुम्हालाच ठरवावं लागेल. मी फक्त कुठली गोष्ट कशी चालते ते सांगू शकते.

स्त्रियांच्या कामावर थेट बंदी घालणारे कायदे रद्द करण्याबद्दल दोन वाक्यांत सांगते, कारण त्यावर वाद नाही. फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी करण्याचा आणि बँकेत खातं उघडण्याचा हक्क मिळाला १९६५ मध्ये, आणि आयर्लंडमध्ये सरकारी सेवेतल्या स्त्रीने लग्न झालं की नोकरी सोडायची हा नियम गेला १९७३ मध्ये. अशी जुनी कलमं तुमच्या कायद्यांत कुठे उरली असतील, रात्रपाळीची सरसकट बंदी वगैरे, तर ती शोधून काढा. ती काढायला पैसे लागत नाहीत.

खरी अडचण बंदी उठल्यानंतरची आहे. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते श्रमबाजारातल्या स्त्रियांचा दोनशे वर्षांचा माग काढल्याबद्दल. त्यांच्या आणि इतरांच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसतं, की शिक्षणातलं अंतर मिटलं तरी पगारातलं अंतर पुरतं मिटत नाही, आणि जे उरतं त्यातला मोठा वाटा पहिल्या मुलाच्या जन्मापासून सुरू होतो. डेन्मार्कमधल्या नोंदींवर झालेला एक अभ्यास मी नेहमी सांगते. मूल होईपर्यंत स्त्री आणि पुरुषाची कमाई जवळपास समांतर चालते. मूल झाल्यावर आईची कमाई घसरते आणि कित्येक वर्षांनंतरही ती साधारण पाचव्या हिश्शाने खालीच राहते. बापाच्या कमाईवर मात्र ओरखडाही उठत नाही. आणि हे डेन्मार्कमध्ये, जिथे रजा आहे, पाळणाघरं आहेत, कायदे आहेत. नोकरी आणि घर यांच्यातली गाठ किती घट्ट आहे, ते यावरून लक्षात यावं.

आता रजेकडे येते. काही वर्षांपूर्वी मी एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या भरतीच्या फायली तपासत होते. मुलाखतीच्या याद्या टाइप केलेल्या होत्या, पण काही नावांपुढे पेन्सिलीने बारीक 'वि' लिहिलेलं होतं. आधी वाटलं, विचाराधीन असेल. मग ध्यानात आलं, की ही खूण फक्त स्त्रियांच्या नावापुढे आहे. 'वि' म्हणजे विवाहित. ज्यांच्यापुढे ती खूण होती आणि ज्यांचं वय तिशीच्या आत होतं, त्यांतली एकही रुजू झालेली नव्हती. कर्मचारी विभागाच्या माणसाला विचारलं, तर त्याने काही लपवलं नाही. "एका लाइनवर सात माणसं आहेत," तो म्हणाला. "एक सहा महिने रजेवर गेली की तिचा पगार चालू, बदली माणसाचा पगार वेगळा, आणि दोन्ही आमच्याच खिशातून. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?" त्या माणसाला स्वतःला दोन मुली होत्या. त्याच्याशी बोलल्यापासून अशा मालकांवर चिडणं मी कमी केलं आणि असा कायदा लिहिणाऱ्यांवर जास्त चिडू लागले.

हा एका कारखान्याचा किस्सा म्हणून सोडून देता येणार नाही. चिलीच्या कामगार कायद्यात अट होती, की ज्या आस्थापनेत २० किंवा त्याहून जास्त स्त्री कामगार असतील तिने त्यांच्या दोन वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघराचा खर्च करायचा. हेतू उत्तम होता. अर्थशास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की या अटीत येणाऱ्या कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या स्त्रियांचा सुरुवातीचा पगार ९ ते २० टक्क्यांनी कमी पडत होता. म्हणजे पाळणाघराचे पैसे शेवटी त्याच बायकांच्या पगारातून गेले, ज्यांना मूल नव्हतं त्यांच्याही. स्पेनमध्ये १९९९ च्या कायद्याने लहान मुलं असलेल्या आईबापांना कामाचे तास कमी करून मागण्याचा आणि त्या काळात नोकरीचं संरक्षण मिळवण्याचा हक्क दिला. कागदावर तो दोघांसाठी होता, पण घेतला जवळजवळ फक्त आयांनी. पुढे कंपन्यांनी मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना कायम नोकरीत घेणंच कमी केलं.

आता चिलीतली अट भारतातल्या कायद्याशेजारी ठेवून पाहा. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. पाळणाघराच्या बाबतीत मोजणी एकूण कर्मचाऱ्यांची आहे, स्त्रियांची नाही. त्यामुळे एक बाई कमी घेतली म्हणून मालकाची जबाबदारी टळत नाही. एका शब्दाच्या फरकाने कायद्याची दिशा बदलते ती अशी. पण रजेच्या पगाराच्या बाबतीत तीच दुरुस्ती कमी पडली. ज्या स्त्रिया कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात त्यांना पैसे विम्याच्या निधीतून मिळतात. बाकीच्यांचे पूर्ण २६ आठवडे मालकाच्या खिशातून जातात. जी मोठी कंपनी आहे ती निभावून नेते. सात माणसांची लाइन असलेला पेन्सिल उचलतो.

यावरचा उपाय नवा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात तो लिहिलेला आहे: किमान १४ आठवडे रजा, आधीच्या कमाईच्या किमान दोन तृतीयांश मोबदला, आणि तो सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून, काही अपवाद सोडले तर एकट्या मालकावर त्याचा थेट बोजा टाकायचा नाही. हे का, तेही करारात स्पष्ट आहे: श्रमबाजारातली स्त्रियांची जागा सुरक्षित राहावी म्हणून. तुमच्या सूचनेत पहिलं वाक्य हेच असू द्या. निधीसाठी वर्गणी आस्थापनेच्या एकूण पगारावर लावा, स्त्री-पुरुष सगळ्यांच्या. ज्या कंपनीत एकही बाई नाही तिनेही तेवढीच द्यावी. मग बाई न घेण्याचा आर्थिक फायदाच उरत नाही.

रजा किती लांब असावी, यावर माझं मत थोडं सावध आहे. बाळंतपणातून शरीर सावरायला आणि अंगावर पाजायला वेळ हवाच, तिथे घासाघीस नको. पण एकट्या आईसाठी रजा लांबवत नेली, की एका टप्प्यानंतर ती तिला कामापासून तोडायला लागते. बढतीची फेरी चुकते, नवी यंत्रं येतात, परत आल्यावर दुय्यम काम मिळतं. मी पाहिलेल्या ठिकाणी वर्षाच्या पुढे गेलेली रजा बहुधा राजीनाम्यात संपली. म्हणून मसुद्यात वाढवलेल्या आठवड्यांतला मोठा हिस्सा बापाच्या नावावर टाका, असं मी सुचवेन.

याच मुद्द्यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. १९७४ मध्ये स्वीडनने प्रसूती रजेच्या जागी आईबाप दोघांसाठी सामाईक पालक रजा आणली. दोघांनी आपसांत वाटून घ्यावी, अशी कल्पना. वीस वर्षं बहुतेक बाप आपला वाटा आईला देत राहिले. १९९५ मध्ये प्रत्येक पालकाच्या नावावर एक महिना असा केला, की तो त्याने घेतला नाही तर बुडतो, दुसऱ्याला देता येत नाही. मग चित्र हललं. २००२ मध्ये दुसरा महिना आला, २०१६ मध्ये तिसरा. नॉर्वेने हेच १९९३ मध्ये चार आठवड्यांपासून सुरू केलं. त्याआधी शंभरातले जेमतेम तीन-चार बाप रजा घेत. काही वर्षांतच हा आकडा सत्तरीच्या पुढे गेला. त्या देशातले पुरुष चार-पाच वर्षांत मनाने बदलले, असं मला वाटत नाही. आधी रजा मागावी लागत होती, वरिष्ठाकडेही आणि घरातही. आता ती त्यांच्या नावावर होती आणि न घेणं म्हणजे पैसे सोडून देणं होतं.

पण नुसता हक्क पुरत नाही. जपानच्या कायद्याने बापाला जवळपास वर्षभराच्या रजेचा हक्क दिला आहे, तरीही २०२० मध्ये ती घेणारे बाप होते १२.६५ टक्के. कारण माणूस रजेच्या अर्जाआधी साहेबाच्या चेहऱ्याकडे बघतो. २०२२ पासून नियम बदलला: मूल होणार असं कळलं की कंपनीनेच त्या कर्मचाऱ्याला रजेची माहिती द्यायची आणि ती घेणार का, हे विचारायचं. २०२३ मध्ये आकडा ३०.१ टक्क्यांवर गेला. वाढीला इतर कारणंही असतील, पण विचारण्याची जबाबदारी कोणावर आहे याने फरक पडतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. आणि रजेत मिळणारा मोबदला पगाराच्या प्रमाणात हवा. ठरावीक छोटी रक्कम दिली, तर ज्याचा पगार जास्त तो कामावर जातो, आणि तो बहुतेक वेळा बाप असतो.

अजून एक बारीक गोष्ट, जी मसुद्यांत हमखास सुटते. बापाची रजा आईच्या रजेबरोबरच संपली तर तो मदतनीसच राहतो. एका पाहणीत मी एका तरुण बापाशी दोनदा बोलले. पहिल्यांदा बायको घरी असताना त्याची दोन आठवड्यांची रजा चालू होती. तेव्हा तो म्हणाला, "मी तिला मदत करतो." मुलाचं पुढचं लसीकरण कधी, असं विचारल्यावर त्याने आत हाक मारून बायकोला विचारलं. सहा-सात महिन्यांनी ती कामावर गेली आणि तो महिनाभर एकटा घरी राहिला. तेव्हा पुन्हा भेटले. लसीची तारीख त्याला तोंडपाठ होती, मुलाला कुठल्या औषधाने पुरळ उठतं ते माहीत होतं, आणि बोलता बोलता त्याने मला थांबवलं, कारण मुलाच्या झोपेची वेळ झाली होती. 'मदत' हा शब्द त्याने त्या दिवशी एकदाही वापरला नाही. म्हणून बापाच्या रजेतला काही भाग आई कामावर परतल्यानंतरच घेता येईल, असं कलम सुचवा.

रजा संपली की प्रश्न येतो मुलाला ठेवायचं कुठे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघर, अशी योजना सुरू केली आणि आयांचं नोकरीतलं प्रमाण ठळकपणे वाढलं. त्याच योजनेवरच्या अभ्यासांत असंही आढळलं, की काही मुलांमध्ये चिडचिड आणि आक्रमकपणा वाढला; योजना फार वेगाने पसरली आणि सगळीकडे दर्जा सारखा राहिला नाही, हे त्याचं एक कारण मानलं जातं. मला यातून दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पाळणाघर स्वस्त करताना तिथल्या माणसांचा पगार आणि प्रशिक्षण स्वस्त करू नका, कारण तिथे काम करणाऱ्याही बायकाच असतात. एका गटाची बरोबरी दुसऱ्या गटाच्या तुटपुंज्या मानधनावर उभी राहू नये. दुसरी गोष्ट वेळेची. पाळणाघर चारला बंद आणि पाळी साडेपाचला सुटते, असं गणित मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे, की आता योजनेचा कागद हातात आला की आधी उघडण्या-मिटण्याची वेळ बघते. त्या दीड तासापायी एखादी आजी, एखादी मोठी मुलगी शाळा बुडवून, किंवा ती आई स्वतः अर्धवेळ काम पत्करून किंमत मोजत असते.

इथपर्यंत तुमच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर आलं: रजेचे पैसे निधीतून, रजेतला ठोस हिस्सा बापाच्या नावावर, आणि रजा संपताच परवडणारं, कामाच्या वेळेशी जुळणारं पाळणाघर. हे तीन धागे एकत्र विणले तरच बाई आणि पुरुष मालकाच्या नजरेत सारख्याच 'जोखमीचे' होतात. यांतला एकच घेतला तर तो उलटण्याची शक्यता खरी आहे, आणि तुमचे सहकारी त्याच शक्यतेबद्दल बोलत होते.

समान वेतनाच्या कलमात एक शब्द तपासा. 'समान काम' लिहिलं आहे की 'समान मूल्याचं काम'? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५१ चा १०० क्रमांकाचा करार समान मूल्याबद्दल बोलतो. फरक पुस्तकी वाटेल, म्हणून एक पगारपत्रक सांगते. एका वेष्टन विभागात पंधरा बायका 'मदतनीस' या पदावर होत्या आणि चार पुरुष 'यंत्रचालक'. मी तिथे दोन दिवस उभी राहिले. यंत्राची बटणं दोघंही दाबत होते. सील बिघडलं की ते ओळखून यंत्र थांबवायच्या बायका, कारण माल त्यांच्या हातातून जायचा. पुरुष अधूनमधून जड रीळ चढवायचे. पदनाम वेगळं, त्यामुळे 'समान काम' या शब्दांच्या आधारे तक्रार उभीच राहत नव्हती.

ही फार जुनी गोष्ट आहे. १९६८ मध्ये लंडनजवळच्या डॅगनमला फोर्डच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी संप केला, कारण त्यांचं शिवणकाम अकुशल ठरवलं होतं. त्या संपातून पुढे ब्रिटनचा १९७० चा समान वेतन कायदा आला. पण त्यांचं काम वरच्या श्रेणीत गेलं ते १९८४ मध्ये, आणखी एका संपानंतर. कायदा आला तरी श्रेणी ठरवणारा तक्ता तोच होता.

म्हणून तक्रार करण्याचं ओझं एकट्या बाईवर ठेवू नका. आइसलँडने २०१८ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थांवरच जबाबदारी टाकली, की आपण समान मूल्याच्या कामाला समान पगार देतो हे त्यांनी सिद्ध करून प्रमाणपत्र घ्यायचं. ब्रिटनमध्ये २०१७ पासून २५० आणि त्यापुढच्या आस्थापनांना स्त्री-पुरुष पगारातलं अंतर जाहीर करावं लागतं. डेन्मार्कने असे आकडे कर्मचाऱ्यांपुढे ठेवायला लावले, तेव्हा अंतर घटलं, पण मुख्यतः पुरुषांचे पगार सावकाश वाढल्यामुळे. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण कोणीतरी ते तुम्हाला ऐकवेलच. आकडे उघड करणं ही सुरुवात आहे. तळातल्या श्रेणी वर उचलायला वेगळं पाऊल लागतं.

राखीव जागांबद्दल माझं मत दोन भागांत आहे. सार्वजनिक सत्तेत त्या काम करतात. भारतात ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा आणि प्रमुखपदं स्त्रियांसाठी राखली. पश्चिम बंगाल आणि राजस्थानमध्ये अभ्यास झाले, तेव्हा स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींचा खर्च गावातल्या स्त्रिया जी गाऱ्हाणी मांडतात त्यांच्याकडे जास्त वळलेला दिसला, विशेषतः पिण्याच्या पाण्याकडे. पश्चिम बंगालमध्ये ज्या गावांत ही जागा लागोपाठ दोनदा राखीव झाली, तिथे आईबापांच्या मुलींकडून अपेक्षा वाढल्या आणि किशोरवयीन मुलींचा घरकामातला वेळ कमी झाला. एका बाईला खुर्चीत बसलेलं रोज पाहून दुसऱ्या घरातल्या मुलीच्या हातातली भांडी थोडी कमी व्हावीत, हे मला फार मोठं वाटतं.

संचालक मंडळांचं तसं नाही. नॉर्वेने २००३ च्या कायद्याने मंडळांवर स्त्री आणि पुरुष दोघांसाठीही किमान ४० टक्के जागा ठेवल्या. मंडळं भरली, आलेल्या स्त्रिया उत्तम शिकलेल्या होत्या, लायक बायका मिळणार नाहीत ही भीती खोटी ठरली. पण त्याच कंपन्यांतल्या खालच्या पायऱ्यांवरच्या स्त्रियांना त्याचा विशेष फायदा झाल्याचं दिसलं नाही. मी या कलमाला पाठिंबा देते, कारण निर्णयाच्या टेबलावर बसण्याचा हक्क हाच पुरेसा हेतू आहे. फक्त त्यावर सगळा भर देऊन बाकीची कलमं पातळ होऊ देऊ नका. पुरुषांवर अन्याय होतो का, असं कोणी विचारलं तर नॉर्वेची शब्दरचना दाखवा. नियम दोन्ही बाजूंना सारखा आहे.

आता ज्यांच्या हातात पगारपत्रकच नाही, त्या स्त्रिया. शेतात राबणाऱ्या, घरी बसून नगावर काम करणाऱ्या, दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या. त्यांच्यासाठी या मसुद्यातली तिन्ही कलमं जवळजवळ नसल्यासारखी आहेत. त्यांच्या बाबतीत समानतेचं धोरण वेगळ्याच खात्यांत दडलेलं असतं: पाणी, इंधन, रस्ते, वाहतूक, जमिनीची मालकी. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. घरात नळ आला की बाईच्या दिवसातली किती मिनिटं सुटतात, हे पाणीपुरवठा खात्याला कोणी विचारत नाही. विचारायला हवं. स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा गावात बर्फ साफ करताना आधी मोठे रस्ते आणि मग पदपथ असा क्रम होता. तो तपासला तेव्हा लक्षात आलं, की गाडीने थेट कामावर जाणारे जास्त करून पुरुष आणि मुलाला सोडून, बस पकडून, पायी फिरणाऱ्या जास्त करून बायका. गावाने क्रम उलटा केला. सरकारी खर्चाची प्रत्येक बाब या नजरेने तपासण्याचं काम ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने १९८४ मध्येच सुरू केलं होतं, त्यामुळे हे अशक्य आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दल मसुद्यात काय आहे ते तुम्ही लिहिलं नाही. काहीच नसेल तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार पाहा. त्यात घर ते कामाची जागा हा प्रवासही धरला आहे आणि शिकाऊ, नोकरी शोधणारे हेही. शेवटची बस चुकण्याच्या भीतीने जिने चांगली नोकरी सोडली, अशी बाई मला जवळजवळ प्रत्येक पाहणीत भेटते.

सूचना लिहायला बसाल तेव्हा मसुद्याचं व्याख्यांचं पान आधी उघडा. बहुतेक लोक ते ओलांडून पुढे जातात. 'कर्मचारी' या शब्दात कंत्राटी, हंगामी आणि घरून काम करणाऱ्या बायका बसतात का? 'पालक' म्हणजे फक्त आई का? 'आस्थापना' किती माणसांपासून सुरू होते, आणि ती माणसं मोजताना स्त्रिया वेगळ्या मोजल्या आहेत का? तिथला एखादा शब्द बदलून घेतलात तर पुढची दहा कलमं आपोआप बदलतात. प्रत्येक सूचनेपुढे कलमाचा क्रमांक, आत्ताचं वाक्य आणि तुम्हाला हवं असलेलं वाक्य, असं तिन्ही लिहा. छाननीच्या बैठकांना मी बसले आहे. "स्त्रियांना न्याय मिळावा" एवढंच लिहिलेल्या पत्रापुढे "नोंद घेतली" असा शेरा पडतो. तयार वाक्य समोर असेल तर ते नाकारायला कोणाला तरी कारण लिहावं लागतं.

तुमच्या मसुद्यातलं व्याख्यांचं पान इथे जसंच्या तसं टाकलंत, तर कुठला शब्द बदलायला हवा ते मी सांगेन.